रुईबायचं हिंदी

दोह्याच्या फरीज बिन ओमरान वस्तीत कोणाची कंबर किती वाढली, हे दोघांनाच ठाऊक असतं. एक ज्याची कंबर त्याला, आणि दुसरं रुईबायला. त्यातला पहिला खोटं बोलतो. रुईबाय आकडा ओठाबाहेर काढत नाही. टेप गळ्यात अडकवते, दोन टाचण्या दातांत धरते, शिवण उसवून कपडा हवा तेवढा सैल करून देते आणि वर "धुन्यात आटला आसंल" म्हणून गिऱ्हाइकाची लाज राखते. असल्या बाईकडे गर्दी होणार नाही तर कुठे होणार?

रुईबाय म्हणजे शाओ रुईफांग. चीनच्या यानतायकडची, समुद्रकाठच्या आणि सफरचंदांच्या मुलखातली. नवरा क्रेनवरचा मेकॅनिक. दोह्यात मेट्रोचं काम चालू झालं तेव्हा तो इकडे आला, मागोमाग ती आली आणि गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात लागली. मेट्रो धावायला लागली तसा नवरा परत गेला. ती मात्र राहिली. मग काय, गल्लीला वर्षभराचं खाद्य मिळालं. त्याने हिला टाकलं, असं दुसऱ्या मजल्याचं मत. हिनेच त्याला टाकलं, असं चौथ्या मजल्याचं. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी तर त्याने तिकडे ठेवलेल्या दुसरीचं नाव आणि वयसुद्धा सांगितलं होतं. खरी गोष्ट इतकीच, की नवऱ्याला इथला उकाडा सोसत नाही आणि तिला त्याची सफरचंदांवरची व्याख्यानं सोसत नाहीत. रोज संध्याकाळी दोघं व्हिडिओवर भेटतात. तो बागेतली फळं दाखवतो, ती नवी शिवणयंत्रं दाखवते, आणि दोघंही एकमेकांचं न ऐकता खूश असतात. पण हे ऐकायला कोणाला मजा?

कारखाना सोडल्यावर सुरुवातीला ती एका लाँड्रीच्या पडद्यामागे एक मशीन टाकून बसायची. पँटी आखूड कर, झिपर बदल, अबाया म्हणतात त्या काळ्या झग्याला किनार घाल. हात सफाईचा आणि दिलेल्या दिवसाला कपडा तयार. आधी पडदा तिचा झाला, मग लाँड्रीशेजारचा गाळा, मग चार मशिनं आणि दोन नेपाळी मुली. आता माप द्यायला उभी राहिलेली बाई डॉक्टरला सांगत नाही ते शिंपिणीला सांगते. वरच्या मजल्यावरची फिलिपिनो बाई केक सुरेख करते, मागच्या इमारतीतली तमिळ बाई लोणची घालते, एक केरळची मुलगी कानातली बनवते, आणि सगळ्यांचा माल घरात पडून राहतो, हे सगळं रुईबायला टेपच्या दोन टोकांमध्ये कळलं. तिने त्यांची एकमेकींशी गाठ घालून दिली. त्यातून बायकांचा बाजार सुरू झाला. गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या अंगणात त्यांनी तो दोनदा भरवला आणि दोन्ही वेळा दुपारपर्यंत माल संपला. तेव्हापासून वीसेक बायका रुईबायला विचारल्याशिवाय मिरच्यासुद्धा वाळत घालीनाशा झाल्या.

आणि रुईबायच्या मनाने घेतलं समैस्मा. दोह्याच्या उत्तरेला समुद्रावरचं गाव, तिथे एका कार्यक्रमवाल्या कंपनीची मोकळी जागा, खजुराची झाडं, गाड्या लावायला ऐसपैस. हिवाळाभर दर शुक्रवारी ती जागा आपल्याला मिळावी, आणि आपण या बायकांची पुढारीण म्हणून चार लोकांत उभं राहून ती मिळवावी, एवढी एक गोष्ट तिला हवी होती. बायकांनीही एकमताने तिलाच पुढे केलं. कारण विचाराल तर सगळ्या एकच सांगायच्या: रुईबायला हिंदी येतं.

खरी गंमत इथेच आहे.

लाँड्रीच्या पडद्यामागे बसत होती त्या दिवसांत रुईबायने ठरवलं होतं, या देशात धंदा करायचा तर हिंदी आलं पाहिजे. टॅक्सीवाला हिंदी, किराणावाला हिंदी, अरबसुद्धा हिंदीत भाव करतात. शिकवायला भेटली समोरच्या इमारतीतली जैतून. जैतून रत्नागिरीकडची, खाडीकाठच्या गावातली. नवरा बशीर दुखानला तेलकंपनीच्या गोदामात, आठवडाभर तिकडेच, गुरुवारी संध्याकाळी घरी. मुलगा अरहान आणि मुलगी हनिया शाळेत. जैतून दुपारी दारात यायची, स्टुलावर बसायची आणि बोलायची. "काय गो रुईबाय, जेवलंस? बस गो जरा. च्या घेतंस काय?" रुईबाय प्रत्येक वाक्य मागोमाग म्हणायची. तिच्या जिभेला "ब" जड जायचा, म्हणून बशीरचा बराच काळ पशीर होता आणि "बस गो"चं "पस को" व्हायचं. पण बाई चिकाटीची. दोन-तीन वर्षांत ती अशी बोलायला लागली, की डोळे मिटून ऐकलं तर वाटावं राजापूरच्या एसटीत मागच्या बाकावर कोणी भांडतंय.

तिला वाटत होतं, आपण हिंदी बोलतो.

जैतूनने कधी सांगितलं नाही. आधी म्हणे तिला वाटलं, हिला ठाऊक असेल. मग ठाऊक नाही हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. आणि एकटी जैतूनच कशाला? बिन ओमरानमधल्या यच्चयावत मराठी माणसाला हे माहीत होतं. सांगलीकडचा जालिंदर ड्रायव्हर पँट टाकायला यायचा तो खास ऐकायला यायचा. रुईबाय बाप्याशीही बायकांशी बोलावं तसंच बोलायची, "जालिंदर, कवा आयलंस?" आणि हा गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "मावशी, लई भारी हिंदी बोलतायसा. आमच्या साहेबालाबी इतकं येत न्हाई." मग बाहेर जाऊन करक चहाच्या दुकानापाशी कप हातात धरून हसायचा. लोक पाहुण्यांना दोह्यातल्या उंच इमारती दाखवतात. आमची मंडळी पाहुण्यांना एखादं बटण तोडायला लावून रुईबायकडे न्यायची.

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं बाईला संशय कसा आला नाही? आला ना. पण तो उलट्या बाजूने आला. बिहारचा इलेक्ट्रिशियन तिचं बोलणं ऐकून नुसता बघत राहिला, की तिला वाटायचं, आपला सूर चुकला. चिनी भाषेत "मा"चा सूर चुकला तर आईचा घोडा होतो. म्हणून ती तेच वाक्य आणखी वरच्या पट्टीत म्हणायची. तरीही कळलं नाही तर तिला त्याचीच दया यायची. यानतायच्या आसपास दर दोन डोंगरांमागे बोली बदलते. बिचारा आडगावातला असेल, याला शुद्ध हिंदी कुठून येणार, असं म्हणून ती बोटांवर भाव सांगायची.

तर अशा शुद्ध हिंदीची तयारी करून रुईबाय समैस्माच्या जागेसाठी कंपनीच्या ऑफिसात गेली. निळा कोट घातला, केस बसवले. जैतूनला बरोबर नेलं होतं, पण जैतून खालच्या सोफ्यावरून उठेना. मना नाय बाय साहेबापुढे बोलता येत, तू जा, असं म्हणून तिने पर्स घट्ट धरली.

साहेब होते लखनौचे काशिफ. बोलताना शब्दाला अत्तर लावून बोलणारे. बाजूला त्यांच्या ऑफिसात काम करणारी वल्लरी लॅपटॉप उघडून बसलेली. साहेबांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि म्हणाले, फर्माइए.

रुईबायने आठवडाभर घोकलेलं सुरू केलं. "सायेब, आमी बायका हाव. आमाला दर जुम्याला ती जागा होवी, हिवाळाभर. आमी येव, बाजार लाव, आमचा आमी झाडू नि आमचा आमी निगू. तुमाला तरास नाय."

काशिफसाहेबांनी मान झुकवून शेवटपर्यंत ऐकलं. चेहरा चिनी, नाव चिनी, तेव्हा त्यांनी आपला सरळ हिशोब केला. मग छातीवर हात ठेवून अत्यंत अदबीने म्हणाले, "मोहतरमा, माफ कीजिएगा. मुझे चीनी जबान नहीं आती."

आणि वल्लरी फुटली. नाशिकची पोरगी, मनाने वाईट नाही, पण हसू कोणाच्या हातात असतं? डोळ्यांतलं पाणी पुसत ती म्हणाली, "सर, ये चायनीज नहीं है. ये हमारी मराठी है. वो भी एकदम कोकण की."

रुईबायने तिच्याकडे पाहिलं. "हिंदी नाय?"

"नाही हो मावशी," वल्लरी म्हणाली, आणि म्हणतानाच तिचं हसू विझलं. कारण समोरच्या बाईच्या चेहऱ्यावरून रंग उतरताना तिला दिसला.

चिनी माणसाला पैसा गेल्याचं दुःख होतं, पण तोंड गेल्याचं त्याहून मोठं होतं. चारचौघांतली पत, ती त्यांच्याकडे तोंडातच असते. काशिफसाहेब सज्जन, ते काहीबाही बोलत राहिले. याच शुक्रवारांसाठी एका केटररनेही विचारलंय, निर्णय पुढच्या आठवड्यात करायचाय, आपण पुन्हा अवश्य यावं, असं त्यांनी सांगितलं. वल्लरीने ते हलक्या आवाजात मराठीत सांगितलं. रुईबायने मान हलवली आणि उठली.

खाली आल्यावर तिने जैतूनला एकच विचारलं. "मी कंची भास बोलतंय?"

जैतूनने टॅक्सीच्या दिशेला पाहिलं, पर्सच्या चेनकडे पाहिलं. मग बारीक आवाजात म्हणाली, "आमची."

त्यानंतर रुईबायचं दुकान चालू राहिलं आणि तोंड बंद झालं. गिऱ्हाईक आलं की टेप पुढे. भाव बोटांवर. जालिंदर जुनी पँट घेऊन आला, दोनदा खाकरला, "मावशी, कसं चाललंय?" म्हणाला. तिने पँट घेतली, खडूने रेघ मारली आणि मशीन इतक्या जोरात चालवलं की त्याला पुढचं बोलताच आलं नाही. बाहेर करक पिताना त्याला हसू आलं नाही. ही बातमी दुखानपर्यंत पोचली. बशीर म्हणे फोनवर म्हणाला, सगळ्यांनी मिळून त्या बाईची मस्करी केलीत, आता भोगा. गंमत करणारे एकमेकांची तोंडं चुकवू लागले. जो तो म्हणे, मी तर सांगणारच होतो.

बायकांच्या बाजाराचं त्याहून वाईट. फिलिपिनो बाई विचारायला आली, समैस्माचं काय झालं? रुईबायने हात झाडले. दुसरी कोणी जा, अशी खूण केली. दुसरी कोण जाणार? वीसजणींनी वीस बाजूंना पाहिलं. तिकडे केटररची माणसं जागेची मापं घेऊन गेली, असं कोणीतरी सांगितलं. ऑफिसात बाजारासाठी जैतूनचा नंबर दिलेला होता; वल्लरीने त्यावर फोन करून दोनदा बजावलं, साहेब थांबलेत, पण फार थांबणार नाहीत.

मग जैतून उठली. तिने काळा अबाया हातावर टाकला, रस्ता ओलांडला आणि तो अबाया रुईबायच्या टेबलावर ठेवला. बाहीखाली वीतभर शिवण गेलेली. फाटलाय, एवढंच म्हणाली आणि स्टुलावर न बसता उभी राहिली.

रुईबायने अबाया उलटा केला. शिवण डोळ्यांजवळ नेली. दोरे कुठे ताणलेले नव्हते, कापड कुठे विरलेलं नव्हतं. टोकं कशी एकसारखी.

"ह्यो फाटला नाय," रुईबाय म्हणाली. "कातरीन कापलंस."

इतक्या दिवसांत तिच्या तोंडून बाहेर पडलेलं ते पहिलं वाक्य. आतल्या नेपाळी मुलींनी मशिनं थांबवली. जैतूनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, आणि मग तिला हसू यायला लागलं, आणि हसता हसता रडू. अशा वेळी कोकणातल्या बायका दोन्ही एकदम करू शकतात.

"मंग काय करू? निमित्त नको काय यायला?"

"सांगला का नाय मना?"

जैतून आता स्टुलावर बसली. "घरात माझी भास कोन बोलतंय गो? पोरांना मी बोलतंय ता सगला कलता, पन जाब इंग्रजीत. यस मम्मी, नो मम्मी. बशीर आठ दिसांनी येतो तो झोपतो. तू एकटी जाब देत होतंस. सांगला असता तर तू खरा हिंदी शिकायला गेली असतंस. मंग मी कोनाशी बोललू असतू?"

रुईबायने अबाया टेबलावर ठेवला. तिची स्वतःची लेक शांघायला नोकरी करते. आई फोनवर यानतायच्या बोलीत बोलली की ती शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून खोली बदलते, आणि उत्तर टीव्हीवरच्या चिनीत देते. हे रुईबायने गल्लीत कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी जैतूनला सांगितलं, आणि सांगितलं ते अर्थात जैतूनच्याच भाषेत. मग थोडा वेळ दोघी लेकीबाळींना नावं ठेवत बसल्या. त्याने माणसाचं पित्त बरंच शमतं.

पण रुईबाय धंदेवाली बाई. राग सोडला म्हणजे हिशोब सोडला असं नाही. तिने सुईत दोरा ओवला, जैतूनची कापलेली शिवण घालायला घेतली आणि शिक्षा सुनावली. उद्या साहेबाकडे जायचं. मी माझं बोलणार. तू बाजूला उभी राहून त्याचं हिंदी करणार.

"मी? सायबापुढे? मना नाय जमनार."

"मना पन नाय जमला," रुईबाय म्हणाली. "चल."

दुसऱ्या दिवशी काशिफसाहेबांपुढे दोघी बसल्या. वल्लरीने या वेळी ओठ दातांत धरून ठेवले होते. रुईबायने बाजाराचा बेत मांडला. कुठल्या कडेला खायचं, कुठल्या कडेला कपडे, मुलांनी कुठे खेळायचं, संध्याकाळी जागा झाडून कधी मोकळी करायची. एकेका वाक्यानंतर ती थांबायची आणि जैतून हिंदी करायची. आता जैतूनचं हिंदी म्हणजे काय सांगावं! "साहब, खानेवाला बाजू में बसेगा, मंग कपडेवाला बसेगा, हम अपना अपना झाड के जायेगा." तिचा आवाज पहिल्या वाक्याला कापत होता, चौथ्याला स्थिरावला आणि सातव्याला ती रुईबायने न सांगितलेलंही सांगायला लागली. प्रत्येक "जायेगा"ला लखनौच्या काळजात एक टाचणी टोचत होती, हे साहेबांच्या भुवयांवरून कळत होतं. पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खरा प्रश्न विचारला. समैस्माला समुद्रावरचा वारा सुटतो, तंबू उडतात. खाण्याबद्दल तक्रार येते. मूल हरवतं. केटररकडे त्याची माणसं आहेत, इथे वीस बायका, वीस घरं. "इन सबकी जिम्मेदारी कौन लेगा?"

जैतून वळली आणि तिने तोंड उघडलं. जिम्मेदारीला आपल्या भाषेत काय म्हणायचं, हे तिला आठवेना. ती "म्हंजे" म्हणून अडकली.

रुईबायने तिच्या दंडावर हात ठेवून तिला थांबवलं. साहेबांनी हातांनी वारा दाखवला होता, मूल दाखवलं होतं, आणि शेवटी तळवे वर करून समोरच्या दोघींकडे पाहिलं होतं. एवढं ज्याला कळत नाही त्याने दुकान घालू नये. ती खुर्चीत सरळ झाली आणि साहेबांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मी हाय."

"सबकी?"

"सगल्याची. मी हाय."

जैतूनने घाईघाईने हिंदी करायला घेतलं तसा काशिफसाहेबांनी हात वर केला. "रहने दीजिए," ते म्हणाले, "यह मैं समझ गया."

जागा मिळाली. आधी चार शुक्रवार, ते नीट गेले तर हिवाळाभर. वल्लरीने जिन्यापर्यंत येऊन रुईबायची माफी मागितली आणि हवं तर मी तुम्हाला खरं हिंदी शिकवते म्हणाली. जैतूनने पर्स पुन्हा घट्ट धरली. रुईबायने विचार केल्यासारखं केलं, जैतूनला पुरती घामाघूम होऊ दिली आणि मग म्हणाली, आता वेळ नाय, बाजार हाय. इतकी वर्षं सगळ्यांनी तिची मजा केली, तिने अर्ध्या मिनिटाची केली तर बिघडलं कुठे?

परतीच्या टॅक्सीत दोघींचं जुंपलं. लोणचीवालीला केकवालीच्या शेजारी बसवायचं की नाही यावरून. तेल सांडेल, वास जाईल, तुला काय कळतं, तुला काय कळतं. पेशावरी ड्रायव्हर आरशातून बघत होता. एक बाई चिनी आणि भांडण कुठल्या भाषेत, हे त्याला उतरेपर्यंत उमगलं नाही.

हल्ली शुक्रवारी समैस्माला गेलात तर निळ्या कोटातली रुईबाय तंबूंच्या रांगेतून फिरताना दिसेल, आणि तिच्या मागे जैतून. काशिफसाहेबांकडे, तंबूवाल्याकडे, तपासणीला येणाऱ्या माणसाकडे, सगळीकडे बोलणी दोघीच करतात. जैतूनला आता साहेब लोकांची इतकी सवय झालीय, की हनियाच्या शाळेत जाऊन ती मुख्याध्यापिकेला दोन गोष्टी सुनावून आली म्हणतात. वल्लरी शिकवायला अजून तयार आहे, रुईबायला अजून वेळ नाही. जालिंदर तंबूचे खुंटे ठोकायला येतो आणि तिने "कवा आयलंस?" विचारलं की "आत्ताच आलोय बगा मावशी" म्हणून नीट उत्तर देतो.

बशीरचे मात्र हाल आहेत. गुरुवारी दुखानहून थकून घरी यावं तर बायको उद्याच्या बाजाराच्या धावपळीत. म्हणून भात तोच लावतो. भात दर वेळी थोडा कच्चा राहतो, असं जैतून सांगते. पण ते रुईबायला. बशीरला ती म्हणते, झक्क झालाय, आणखी वाढा.